कुंपणाबाहेरची चार पावलं

सकाळी सहाच्या सुमाराला छत्रपती संभाजीनगरच्या गारखेडा परिसरातल्या कुठल्याही कॉलनीतून चक्कर मारावी, घरोघरी एकच काम चाललेलं दिसतं. फाटक उघडलेलं, हातात खराटा, दारापुढची जागा झाडून झाली की सडा आणि सड्यावर रांगोळी. नळाला कित्येक दिवसांनी एकदा पाणी येणाऱ्या या शहरात सडा आखडला आहे, मगभर पाणी शिंपडून भागवलं जातं. पण तो चुकत नाही. त्याच वेळी विभागीय क्रीडा संकुलाकडे फिरायला निघालेली म्हातारी मंडळी मात्र रस्त्याच्या मधून चालत असते, मागून येणाऱ्या रिक्षाकडे कान ठेवून. कडेनं चालावं तर जागा नसते. गाडी चढवायचा सिमेंटचा रॅम्प, त्याला लागून दोन पायऱ्या, पुढे जाळी लावून केलेली बाग, मग कव्हर घातलेली कार, मग कोणाच्या तरी बांधकामातून उरलेली खडी. दारापुढचा तुकडा लख्ख झाडलेला, आणि त्या तुकड्यावरून चालून जाणं अशक्य. या दोन गोष्टी एकाच घरासमोर कशा नांदतात? हा प्रश्न मला साधा वाटत नाही. त्यासाठी बरंच मागं जावं लागतं.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, दुसऱ्या अधिकरणात, नगराच्या अधिकाऱ्याची कामं सांगितली आहेत. गल्लीत केरमाती टाकणाऱ्याला पण या तेव्हाच्या नाण्याचा आठवा हिस्सा दंड. चिखल किंवा पाणी साचवून वाट अडवणाऱ्याला पाव पण, म्हणजे बरोबर दुप्पट. हेच राजमार्गावर केलं तर दोन्ही दंड पुन्हा दुप्पट. घाण करणं आणि वाट अडवणं हे दोन निरनिराळे अपराध धरले आहेत आणि अडवणं जास्त गंभीर मानलं आहे. रस्ता स्वच्छ असावा आणि रस्ता मोकळा असावा, या दोन कल्पना आपल्याकडे तेव्हापासून वेगवेगळ्या ओळखल्या गेल्या. पुढच्या काळात पहिली घराघरांत रुजली. दुसरी कुठे गळून पडली, ते पाहायला हवं.

पहिली रुजली ती धर्माच्या आणि घरधन्याच्या अंगानं. अंगण झाडायचं ते लक्ष्मी यावी म्हणून, पाहुणा यावा म्हणून, सणवार म्हणून. हे काम बाईचं, आणि मोठ्या घरात दासीचं. आपल्या मराठवाड्यातल्या गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी हेच काम करत होती, आणि तिच्या अभंगांत प्रत्यक्ष विठ्ठल तिच्या मागं केर भरायला येतो. झाडणाऱ्या हाताला एवढा मान देणारी कल्पना सातशे वर्षांपूर्वी या मातीत उगवली, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण ती कल्पना अंगणाच्या कडेला थांबली. अंगणापलीकडची चावडी, वेस, गावरस्ता झाडण्याचं, मेलेलं जनावर ओढून नेण्याचं काम गावगाड्यानं महारांच्या माथी जन्मानंच मारलं होतं. घरधन्यानं आपल्या दारातला केर लोटून पुढं सारायचा आणि तिथून पुढं तो दुसऱ्या कोणाचा तरी व्हायचा. त्या दुसऱ्याला नकार देण्याची सोय नव्हती. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनांच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारं विधेयक आणलं, ते ही सक्ती मोडावी म्हणून. दारापुढच्या जागेबद्दल आपण जे बेफिकीर आहोत, त्याचं मूळ आळसात शोधून सापडणार नाही. कुंपणापलीकडचं काम हलक्या माणसाचं, ही शिकवण त्याच्या मुळाशी आहे, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

विसाव्या शतकात महाराष्ट्रात काही माणसांनी हा धागा जाणूनबुजून तोडला. सेनापती बापट पारनेरात रस्ते झाडत. कोकणात अप्पा पटवर्धनांनी भंगीकाम स्वतः केलं. १९३२ साली तुरुंगात हे काम करू द्यावं म्हणून उपोषणाला बसले. आणि गाडगेबाबा. १९०५ साली घर सोडल्यापासून १९५६ साली देह ठेवेपर्यंत त्यांचा क्रम ठरलेला होता: गावात शिरायचं, कोणाला न विचारता खराटा चालवायचा, आणि रात्री कीर्तनात त्याच गावाला प्रश्न विचारून विचारून घाम फोडायचा. गाडगेबाबांचं कौतुक करताना आपण त्यांच्या झाडण्याकडे पाहतो; मला त्यांच्या प्रश्नांचं मोल अधिक वाटतं. परका माणूस येऊन तुमची वाट साफ करतो आणि तुम्ही ओट्यावर बसून पाहता, हे त्या माणसानं गावाला लाज वाटेपर्यंत दाखवून दिलं. राज्य सरकारनं २०००-०१ मध्ये त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं, तेव्हा खेड्यापाड्यांत लोक खरोखर रस्त्यावर उतरले. बक्षिसांची चढाओढ होती, हे खरं. तरीही गावानं गावाचा रस्ता झाडायचा, हा विचार त्यानं घराघरांत पोहोचवला.

शहरात मात्र गोष्ट दुसऱ्या वाटेनं गेली. १९४९ च्या महानगरपालिका कायद्यानं सार्वजनिक रस्ते झाडणं हे पालिकेचं बंधनकारक काम ठरवलं. आपली महानगरपालिका ८ डिसेंबर १९८२ ला अस्तित्वात आली. त्याआधीच, १९८० साली, रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्पष्ट सांगितलं होतं की पैसे नाहीत ही सबब सांगून पालिकेला गटारं आणि सफाईची जबाबदारी टाळता येणार नाही. नागरिकाच्या हातात आलेला हा मोठा हक्क आहे आणि तो सोडायचा मुळीच विचार नको. शिवाय जन्मानं लादलेलं काम पगारी नोकरीत आलं, हीही सुधारणाच. आजही त्या नोकरीत कोणत्या जातींची माणसं अधिक आहेत, हे पाहिलं की ती किती अपुरी आहे ते कळतं.

पण घरमालकाचा वाटा या काळात आकसत आकसत फाटकापर्यंत आला. गारखेड्यात हे कसं घडलं, ते डोळ्यांदेखत दिसतं. गावाची शेतं गुंठ्यागुंठ्यानं विकली गेली. वीस बाय तीसच्या प्लॉटवर इंच इंच बांधलं गेलं. गाडी आत ठेवायची जागा खोलीत गेली, म्हणून गाडी बाहेर आली. त्यात जमीन काळी, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. रस्ता दबला की जुना थर न खरवडता वर नवा थर पडतो. प्रत्येक थराबरोबर रस्ता चढतो आणि पहिल्याच मोठ्या पावसात पाणी घरात शिरतं. मग पुढचं घर बांधणारा जोतं आणखी वर उचलतो. जोतं उंच, म्हणून रॅम्प लांब. आणि रॅम्प लांब, म्हणून फुटपाथ गेला. या साखळीत कोणीच दुष्ट नाही. प्रत्येकानं आपापलं घर पाण्यापासून वाचवलं आहे. चालणाऱ्याचा विचार मात्र त्यात एकाही टप्प्यावर कोणी केलेला नाही, पालिकेनंही नाही आणि आपणही नाही.

२०१८ च्या फेब्रुवारीत नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. वर्षानुवर्षं सगळ्या शहराचा कचरा त्यांच्या दारात पडत होता. त्यानंतर शहरभर रस्त्यारस्त्यावर ढीग साचले, कचऱ्यावरूनच मिटमिट्यात दंगल पेटली. आपण पुढं सारलेला केर शेवटी कोणाच्या तरी दारापुढंच जातो, हे या शहराला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं. त्या महिन्यांत अनेक घरांनी ओला-सुका कचरा वेगळा करायला सुरुवात केली. आपल्याकडे कल्पना पुढं सरकते ती बहुधा अशी, संकट दारात आल्यावर.

गारखेड्यातल्या बऱ्याच घरांतली मुलं आज अमेरिकेत किंवा कॅनडात आहेत. आईवडील हिवाळ्यात गेले की त्यांना एक दृश्य हमखास दिसतं: मुलगा पहाटे जॅकेट चढवून, फावडं घेऊन घरासमोरच्या फुटपाथवरचा बर्फ काढतो आहे. फुटपाथ त्याच्या मालकीचा नाही, शहराचा आहे. बर्फ त्यानं आणून टाकलेला नाही. तरीही ते काम त्याचं आहे, आणि ते नियमात मोजून लिहिलेलं आहे. शिकागोत सकाळी सात ते संध्याकाळी सात या वेळेत पडलेला बर्फ रात्री दहापर्यंत, आणि रात्रीचा बर्फ सकाळी दहापर्यंत काढायचा. वाट किमान पाच फूट रुंद हवी. काढलेला बर्फ रस्त्यावर लोटायचा नाही. बोस्टनमध्ये बर्फ थांबल्यापासून तीन तासांची मुदत असते.

या नियमाचाही इतिहास सरळ नाही. लंडनमध्ये १८३९ च्या पोलीस कायद्यानं घरासमोरचा पदपथ झाडणं हे राहणाऱ्याचं काम ठरवलं होतं. पुढं ते स्थानिक संस्थांकडे गेलं. मग आपण बर्फ काढला आणि कोणी घसरलं तर दावा लागेल, या धास्तीनं लोक फावडंच उचलेनात. शेवटी २०१० साली तिथल्या सरकारला पत्रक काढून सांगावं लागलं की नीट काळजी घेऊन वाट साफ करणाऱ्यावर दावा लागण्याची शक्यता फार कमी आहे. अमेरिकेत वारं उलट वाहिलं. न्यूयॉर्कनं २००३ साली, मालक स्वतः राहतो अशी लहान घरं सोडून, बाकी मालमत्तांसमोर पादचाऱ्याला इजा झाल्यास जबाबदारी मालकावर टाकली. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये नैसर्गिकरीत्या साचलेला बर्फ आणि माणसाच्या कामामुळे साचलेला बर्फ हा जुना भेद काढून टाकला. म्हणजे 'तो आपोआप पडला' ही सबब संपली. कॅनडात टोरांटोनं मात्र २०२१-२२ च्या हिवाळ्यापासून जवळपास सगळ्या फुटपाथांचं काम स्वतःच्या यंत्रांकडे घेतलं. ऐंशी वर्षांच्या बाईनं फावडं कसं उचलावं, हा प्रश्न रास्त होता. शिकागोत त्यासाठी म्हाताऱ्यांच्या दारचा बर्फ काढणारे स्वयंसेवक नेमून देण्याची सोय शहरानं केली आहे.

काम कोणी करायचं, यावर तिथं दोनशे वर्षं वाद चालू आहे. ते कशासाठी करायचं, यावर मात्र वाद नाही. बर्फ कुरूप दिसतो म्हणून कोणी काढत नाही; चाकाच्या खुर्चीतला माणूस, बाबागाडी ढकलणारी आई, डाकवाला, शाळेत निघालेलं पोर तिथून जाऊ शकलं पाहिजे म्हणून काढतात. कौटिल्याच्या दंडातली आपल्याकडे गळालेली दुसरी कल्पना ती हीच. आणि गारखेड्यातलाच मुलगा तिथं ती पाळतो, याचा अर्थ ती आपल्या स्वभावाच्या बाहेरची नाही.

आपली गोष्ट बर्फाहून सोपी आहे, असं मी म्हणेन. बर्फ आभाळातून पडतो आणि दर वादळानंतर पुन्हा काढावा लागतो. आपल्या फुटपाथावर जे आहे ते आपणच ठेवलेलं आहे, आणि एकदा काढलं की पुन्हा पडत नाही. त्यासाठी नवा कायदाही लागत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली सार्वजनिक वाट अडवणाऱ्याला पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात फुटपाथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आहे, शिकागोच्या पाच फुटांहून जास्त. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अडथळामुक्त फुटपाथाचा हक्क घटनेच्या कलम २१ मध्ये येतो असं सांगितलं. कागदावर आपण कोणाच्या मागं नाही.

कागदावरचं दारापर्यंत आणायला घर हे माप अपुरं पडतं. मी माझा रॅम्प मागे घेतला आणि दोन्ही शेजाऱ्यांनी नाही घेतला, तर चालणारा पुन्हा रस्त्यावरच उतरणार. बर्फातही हेच होतं. मधल्या एका घरानं फावडं उचललं नाही की सगळी वाट तुटते. म्हणून गल्ली हे माप धरावं लागतं. ते महाराष्ट्रात करून पाहिलेलं आहे. मुंबईत घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी नव्वदच्या दशकात आपली गल्ली आपण सांभाळायची ठरवलं, आणि त्याच नमुन्यावर मुंबई महानगरपालिकेनं १९९७ साली 'एएलएम' नावाची गल्लीवार योजना सुरू केली. रहिवाशांचा गट, पालिकेचा नेमलेला अधिकारी आणि दोघांचं एकमेकांना बांधलेलं काम, अशी तिची रचना. काही गट टिकले, बरेच विरले. टिकले ते बहुधा पालिकेकडून मागायचं ते मागत राहिले आणि स्वतःचं करायचं तेही करत राहिले म्हणून.

आपल्याकडे गल्लीगल्लीत गणेश मंडळ आहे, ज्येष्ठ नागरिकांचे कट्टे आहेत, भिशीचे गट आहेत. माणसं जमवण्याची अडचण नाही. त्यांनी महानगरपालिकेला दोन गोष्टींसाठी धरावं. जुना थर खरवडल्याशिवाय रस्त्यावर नवा थर टाकू नये, आणि रस्ता करण्याआधी जोत्याची पातळी लेखी द्यावी. रॅम्पचं मूळ तिथं आहे. आणि आपल्या बाजूनं येत्या पावसाळ्याआधी एका गल्लीपुरतं ठरवावं: रॅम्प फाटकाच्या आत, बागेची जाळी आत, उरलेली खडी-वाळू ज्याची त्यानं उचलायची, आणि ज्या घरी उचलायला हात नाहीत तिथली शेजाऱ्यांनी उचलायची. गाड्या रस्त्याच्या एकाच बाजूला लावाव्यात, म्हणजे दुसरी बाजू सलग चालती राहील. शेजाऱ्याच्या दारी हे सांगायला जाण्याआधी आपल्या फाटकाबाहेरचं जे असेल ते काढा.