पोराचं पुढं होईल का?

श्रावण संपत आला होता. एका संध्याकाळी एक गृहस्थ आमच्या सिन्नरच्या घरी आले. सोबत मुलगा. गृहस्थ मुसळगावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कामाला. मुलगा महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाला आणि कबड्डीच्या संघात. आधी पावसाची चौकशी झाली, मग कांद्याच्या भावाची. शेवटी बशीतला चहा संपवून वडील म्हणाले, "सर, तुमचा जन्म गेला यात. खरं सांगा, पोराचं पुढं होईल का?"

मी शारीरिक शिक्षणाचा निवृत्त शिक्षक. हा प्रश्न मला काही नवा नव्हता. पण या वेळी त्याला धार होती. दिवाळीआधी रुजू झाला तर मुलाला वडिलांच्याच कारखान्यात उमेदवारी मिळणार होती. ती घ्यायची, की वर्षभर सराव करून व्यावसायिक संघाच्या निवडचाचणीला उतरायचे, असा पेच होता. 2014 साली प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून 'पुढं' या शब्दाचा अर्थच बदलला आहे. पूर्वी पुढे म्हणजे रेल्वेत किंवा पोलिसात नोकरी. आता पुढे म्हणजे लिलाव, आणि 2023 च्या लिलावात पवन सेहरावत या चढाईपटूसाठी एका संघाने दोन कोटी साठ लाखांहून अधिक रुपये मोजले. वडिलांनी तो आकडा उच्चारला नाही; पण तो आमच्या चौघांच्या मध्ये, चहाच्या कपांशेजारी, येऊन बसला होता.

"आधी खेळ पाहतो," असे म्हणून मी त्यांची पाठवणी केली आणि पुढचे तीन दिवस मैदानाच्या कडेला जाऊन बसलो.

चढाईपटू पारखायचा म्हणजे काय पाहायचे? मोजता येते ते सोपे. उंची, वजन, धाव, जागेवरून मारलेली उडी; फीत आणि घड्याळ असले की कोणीही मोजील. हा मुलगा धावण्यात उजवा, उंचीने बेताचा. कसब पारखणे त्याहून अवघड. मध्यरेषा ओलांडल्यावर त्याची नजर कोपऱ्यातल्या गड्यावर असते की स्वतःच्या पायांवर? निदानरेषा ओलांडून बोनससाठी पाय टाकताना अंगाचा तोल मागच्या पायावर राहतो का? गडी टिपून परतताना तो दर वेळी एकाच अंगाने वळतो का? हा मुलगा वळत होता. दर वेळी उजवीकडे.

आणि खरी मेख तर याच्याही पुढे आहे. महाविद्यालयीन सामन्यात त्याचे बरेचसे गुण नुसत्या वेगाचे होते. समोरचा कोपरारक्षक अर्धा क्षण उशिरा झेपावत होता. व्यावसायिक संघातला कोपरारक्षक तो अर्धा क्षण देत नाही. घोट्याला मिठी मारतो, आणि तोवर बाकीची साखळी अंगावर येते. शिवाय हा मुलगा अनवाणी मातीवर खेळणारा. तिकडे पायात बूट आणि पायाखाली मॅट. तेव्हा दिसणाऱ्या खेळातून समोरचे दुबळे गडी वजा करायचे, त्यांच्या जागी न दिसणारे बलदंड गडी उभे करायचे, आणि मग उरलेल्या मुलाकडे पाहायचे. हा हिशेब कोणत्याही फितीने होत नाही.

तिसऱ्या दिवशी त्याची दोनदा पकड झाली. तिसऱ्या चढाईला तो उठला तेव्हा मी खेळाकडे न पाहता त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले. तिथे राग नव्हता, लाजही नव्हती. मघाशी आपले नेमके काय चुकले याचा विचार तेवढा होता. हा गुण कोणत्या रकान्यात लिहावा?

मोठमोठे पारखीही इथे ठेचकाळतात. अमेरिकेत बास्केटबॉलच्या खेळाडूंची निवड होण्यापूर्वी त्यांच्या पसरलेल्या हातांची लांबीसुद्धा मोजतात. तरीही 2009 साली डेव्हिडसन नावाच्या लहानशा महाविद्यालयातून आलेल्या सडसडीत स्टीफन करीच्या आधी सहा नावे पुकारली गेली. पुढे 2015 आणि 2016 अशी लागोपाठ दोन वर्षे त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. पण इतके दूर कशाला? आपल्याच जिल्ह्यात, चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ विहिरी खोदायच्या कामावर जात होता. 2012 साली सैन्यात जाईपर्यंत नौकानयन त्याच्या गावीही नव्हते. 2016 साली तो रिओच्या ऑलिंपिकमध्ये एकट्याने होडी वल्हवत होता, आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीतून त्याने सुवर्णपदक मिळवले. पाण्यासाठी खडक फोडणाऱ्या त्या पोराकडे पाहून, हा पाण्यावर नाव काढील, असे कोणता पारखी म्हणाला असता?

अर्थात या गोष्टी सांगून प्रत्येक बापाला 'होईल' म्हणावे, असे मला वाटत नाही. एका करीमागे न झालेले हजारो असतात आणि त्यांच्यावर कोणी लेख लिहीत नाही. खोट्या होकाराने पाच-सहा वर्षे वाया गेलेली मुले मी पाहिली आहेत. तिशीत त्यांच्या हाती काही नसते, आणि होकार देणारा तोवर दुसऱ्या मुलाची पाठ थोपटत असतो.

पण माझ्या जिवाला जो चटका लागून राहिला आहे तो होकाराचा नाही, नकाराचा. वीस-बावीस वर्षांपूर्वी एका बुटक्या, हडकुळ्या मुलाला मी मैदानावरच, चारचौघांत म्हणालो होतो, "तुझं पुढं जमायचं नाही." त्याने खेळ सोडला. आज तो पुणे रस्त्याला टायरचे दुकान चालवतो, सुखात आहे, माझ्या स्कूटरचे पंक्चर काढून पैसे घेत नाही. एकदा हवा भरता भरता त्याने सहज ते वाक्य मला म्हणून दाखवले. एक शब्द इकडचा तिकडे नाही. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. मी मात्र त्या रात्री झोपलो नाही. मी चुकलो होतो म्हणून नव्हे. मी बरोबर होतो की चूक, हे आता कधीच कळायचे नाही म्हणून. ज्या परीक्षेत ते कळले असते ती परीक्षाच माझ्या वाक्याने रद्द करून टाकली होती.

गोंदेश्वराच्या देवळात मी संध्याकाळी जाऊन बसतो. यादवांच्या काळातले ते काळ्या दगडाचे काम. मधे महादेव, चार कोपऱ्यांना चार लहान देवळे. ते घडवणाऱ्या पाथरवटांनीही दगड पारखलाच असेल. टाकी मारून, नाद ऐकून, 'हा चालेल, हा नाही' असे ठरवले असेल. पण त्यांचे एक बरे होते. दगडाला निकाल ऐकू येत नाही. नाकारलेला दगड जसा होता तसाच राहतो. मुलाला निकाल ऐकू येतो. तो त्याच्या आत शिरतो, आणि उद्या तो मुलगा काय होणार यात आपल्या वाक्याचाही वाटा असतो. म्हणून माणसाची पारख करणाऱ्याने वर्तमानकाळात बोलावे. आज काय आहे आणि आज काय नाही, ते स्पष्ट सांगावे. त्यात भीड धरू नये. भविष्यकाळाची क्रियापदे मात्र ज्याची त्याला वापरू द्यावीत.

चौथ्या दिवशी बापलेक आले. मी दोघांनाही समोर बसवले. म्हणालो, "वेग चांगला आहे. पडल्यावर उठतो चांगला. वळणं एकाच अंगाचं आहे, हातात बळ कमी आहे, मॅटची सवय नाही. आजच्या खेळावर वरचा संघ याला घेणार नाही. हजारांतून थोडेच घेतात, आणि त्यांतलाही एखादा गुडघा गेला की घरी बसतो."

"म्हणजे नाहीच म्हणा की," वडील म्हणाले.

"आज नाही. उद्याचं मी सांगत नाही."

"पण सर, आम्हाला दिवाळीच्या आत ठरवायचंय. तुम्ही असं अधांतरी बोललात तर आम्ही काय करावं?"

त्यांचे बरोबर होते. पारख करणाऱ्याचे शहाणपण बापाच्या अडचणीला पुरत नाही. मी एवढेच म्हणू शकलो की, माझे घर असते तर एक वर्ष दिले असते, तारीख ठरवून, आणि तारखेला पुन्हा तोलून पाहिले असते. पण ते वर्ष माझ्या खिशातून जाणार नव्हते, हेही मी त्यांना सांगितले. ते काही बोलले नाहीत. टोपी सारखी करून उठले.

मुलगा दारात रेंगाळला. वडील चपला घालून बाहेर पडेपर्यंत थांबला आणि हळूच म्हणाला, "सर, ते वळण्याचं काय म्हणालात, ते एकदा करून दाखवता?"

वयाची अडुसष्ट वर्षे विसरून मी अंगणात उतरलो.