ओले धान्य आणि जुनी बॅटरी

गप्प राहणे म्हणजे खोटे बोलणे होय का? काही वर्षांपूर्वी वर्गातल्या एखाद्या मुलाने हा प्रश्न विचारला असता, तर मी झटकन उत्तर देऊन मोकळी झाले असते. आज उत्तर देण्याआधी मला एक मोबाइल आठवतो.

मी हिंगणघाटला राहते आणि उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. २०१९च्या डिसेंबरात माझा मोबाइल जिन्यावरून पडला. काच तडकली आणि अर्धा पडदा काळा झाला. कंपनीच्या माणसांनी सांगितलेला खर्च ऐकून नवा मोबाइल घेतलेला बरा, असे वाटू लागले. शेवटी मी बसस्टँडजवळच्या एका लहानशा दुकानात गेले. दुकान कसले, एक काउंटर, एक टेबलदिवा आणि मागे फळीवर डबे. त्या डब्यांत मेलेले मोबाइल होते. एखाद्याचा बोर्ड गेलेला पण डिस्प्ले शाबूत, एखाद्याची काच फुटलेली पण कॅमेरा चांगला. दुकानदार पंचविशीतला तरुण. दहावीनंतर शाळा सुटली आणि नागपूरला एका उस्तादाजवळ राहून तो हे काम शिकला.

त्याने माझ्या मोबाइलची पाठ गरम करून गोंद सैल केला, पातळ पत्री सरकवून ती उघडली आणि फुटलेला फोल्डर, म्हणजे डिस्प्ले आणि टच मिळून असतो तो भाग, काढून बाजूला ठेवला. मग डब्यातून त्याच मॉडेलचा एक डेड सेट काढला आणि त्याचा फोल्डर मला लावून दिला. माझी बॅटरीही थकली होती. नवी बॅटरी नागपूरहून यायला आठ दिवस लागणार होते. मला घाई होती. तेव्हा तो म्हणाला, "टीचर, या डेड सेटची बॅटरी लावून देतो. पण ऐकून ठेवा, फोल्डर अस्सल आहे, बॅटरी मात्र वापरलेली आहे. रात्रभर चार्जिंगला ठेवू नका. पाठ जरा जरी वर आलेली दिसली, तर बंद करून सरळ माझ्याकडे घेऊन या." मी हो म्हटले. त्याने मार्करने बॅटरीवर तारीख लिहिली आणि झाकण बसवले.

पुढे मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. 'शाळा बंद पण शिक्षण आहे' असा उपक्रम राज्यात निघाला. आम्ही शिक्षक व्हॉट्सॲपवर धडे पाठवू लागलो, दीक्षा ॲपच्या लिंक देऊ लागलो. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी फक्त बटणांचा फोन होता. वडील जिनिंगमध्ये हमाली करत. काम थांबलेले. मुलीची आई माझ्याकडे आली आणि एखादा जुना मोबाइल मिळेल का म्हणून विचारू लागली. मी तेव्हा नुकताच नवा मोबाइल घेतला होता. जुना तिला दोन हजारांत दिला. डिस्प्ले बदललेला आहे हे सांगितले. बॅटरीचे सांगितले नाही.

का नाही सांगितले? मी स्वतःला कारणे दिली होती. तिने विचारले नव्हते. किंमत कमीच घेतली होती. मोबाइल चांगला चालत होता. आणि सांगितले असते तर बिचारी उगाच घाबरली असती. ही सगळी कारणे खरी होती. म्हणूनच तर ती इतकी सोयीची ठरली. पैसे देताना ती म्हणाली होती, "तुम्ही वापरलेला आहे टीचर, म्हणजे बघायचं काय त्यात!" त्यावर मी नुसती हसले.

एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेच्या धामधुमीत, ती तोच मोबाइल ओढणीच्या टोकात गुंडाळून घेऊन आली. पाठीचे झाकण एका बाजूने उचलले गेले होते. आतली बॅटरी उशीसारखी फुगली होती. दुकान बंद होते, म्हणून आम्ही त्या तरुणाच्या घरी गेलो. त्याने मोबाइल हातात घेताच बंद केला आणि बॅटरीला दाब लागणार नाही, ती फाटणार नाही, अशा बेताने ती सोडवली. मला तो काहीच बोलला नाही. बाईंना मात्र त्याने समजावून सांगितले, की लिथियमच्या बॅटरीत एक द्रव असतो. बॅटरी जुनी झाली, फार तापली किंवा चार्जिंगचा ताण आला, की त्या द्रवाचे विघटन होऊन वायू तयार होतो आणि बंद पाकिटात कोंडून राहतो. अशी बॅटरी टोचली वा दाबली गेली तर पेट घेऊ शकते. आपल्या विदर्भाचा उन्हाळा, पत्र्याचे घर, त्यात जुनी बॅटरी. मग त्याने विचारले, "चार्जिंगला कुठे ठेवत होता?"

"रात्री, मुलीच्या उशाशी," ती म्हणाली.

काही पेटले नाही, कोणाला इजा झाली नाही. अल्लाहची मेहरबानी. नव्या बॅटरीचे पैसे मी दिले आणि तिथेच त्या बाईंना खरे काय ते सांगून माफी मागितली. ती रागावली असती तर बरे झाले असते. ती म्हणाली, "टीचर, तुम्ही सांगितलं असतं तरी मी घेतलाच असता. दुसरा कुठून आणणार होते? फक्त उशाशी ठेवू दिला नसता."

त्या एका वाक्याने माझी सगळी कारणे कोसळली. माझ्या गप्प राहण्याने तिचे पैसे बुडाले नव्हते. तिचा सावधपणा मी काढून घेतला होता. जे कळले असते तर ती जपून वागली असती, ते मला कळलेले होते आणि मी ते माझ्याजवळच ठेवले.

मुलांना मी एक प्रसंग नेहमी सांगत आले आहे. हजरत पैगंबर (स.) एकदा मदिनेच्या बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला. वरचे धान्य कोरडे, आतले ओले. व्यापारी म्हणाला, पाऊस लागला. त्यावर त्यांनी त्याला विचारले, की मग हे ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही? आणि फसवणूक करणारा आपल्यातला नव्हे, असे बजावले. हा प्रसंग मी कितीदा सांगितला असेल, पण त्यातली एक गोष्ट माझ्या कधी लक्षात आली नव्हती. तो व्यापारी खोटे बोलला, असे या हदीसमध्ये कुठेच नाही. विचारल्यावर त्याने खरे तेच सांगितले. त्याचा दोष एवढाच, की ओले आत राहिले आणि कोरडे वर.

कायदा याकडे कसे पाहतो? १८७२च्या भारतीय करार कायद्याचे १७ वे कलम फसवणुकीविषयी आहे. नुसते गप्प राहणे ही फसवणूक नव्हे, असेच ते सुरुवातीला म्हणते. उदाहरण घोड्याचे आहे. लिलावात घोडा विकणाऱ्याला त्याची खोड ठाऊक आहे, पण तो काही बोलत नाही. ही फसवणूक नाही. मात्र पुढे दोन अपवाद येतात. घोडा घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळे सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणारा जर म्हणाला, की तुम्ही नाही म्हटले नाही तर घोडा चांगला आहे असे मी धरून चालेन, तर तिथे गप्प राहणे म्हणजे बोलणेच. हे वाचले तेव्हा मला माझे ते हसणे आठवले. न्यायालयात माझे काय झाले असते, ते वकील जाणोत. पण शिक्षिका आणि पालक हेही एक नातेच आहे. त्या नात्याच्या भरवशावरच तिने झाकण उघडून पाहिले नाही.

अशी चूक फक्त लहान माणसे करतात, असेही नाही. जुनी बॅटरी असलेले आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून आपण त्यांचा वेग कमी करतो, हे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले. कारण कदाचित योग्यही असेल, पण गिऱ्हाइकाला ते स्पष्ट सांगितले नव्हते. कित्येकांनी बॅटरी बदलण्याऐवजी नवा फोनच घेतला असेल. पुढे कंपनीने माफी मागितली, बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला आणि २०१८ मध्ये बॅटरीची स्थिती दाखवणारी सोय फोनमध्येच दिली. मोडलेला भरवसा काही अंशी जुळला तो या सोयीमुळे. आतले ओले धान्य वर आले.

इथे कोणी म्हणेल, की अशाने गरिबाचेच नुकसान होईल. जुना भाग, जुना भाग असे सांगत बसलो तर लोक दुरुस्त केलेल्या वस्तूला हात लावणार नाहीत आणि त्या तरुणासारख्यांची रोजी जाईल. ही शंका खोटी नाही. सांगण्याचाही दुरुपयोग होतो. काही कंपन्यांच्या फोनमध्ये बाहेरचा भाग बसवला की पडद्यावर इशारा येतो, कधी एखादी सोयच बंद पडते. भाग कंपनीच्याच दुसऱ्या फोनमधून काढलेला असला तरी तसेच. तिथे माहिती देण्यापेक्षा भीती घालण्याचा हेतू अधिक दिसतो. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने २०२४ मध्ये अशा अडवणुकीविरुद्ध कायदा केला.

पण सांगणे वेगळे आणि घाबरवणे वेगळे. त्या तरुणाने मला बॅटरी जुनी असल्याचे सांगितले, म्हणून मी दुकानातून उठून गेले नव्हते. उलट पुढे घरातला प्रत्येक मोबाइल मी त्याच्याकडेच नेला. जुना भाग लावण्यात कमीपणा तो काय? पैगंबर साहेब आपले जोडे स्वतः सांधत, कपडे स्वतः शिवत, असे हजरत आयेशांनी सांगितले आहे. आमच्या आजीच्या गोधडीत तीन पिढ्यांचे कपडे होते. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला आणि त्यातला पाव हिस्साही रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद नाही. अशा काळात मेलेल्या मोबाइलचा डिस्प्ले दुसऱ्याच्या कामी आणणारा माणूस समाजाचे ऋण फेडत असतो. लाज जुन्या भागाची नाही. तो नवा म्हणून खपवण्याची आहे.

वर्ध्याच्या मगनवाडीला मुलांची सहल नेते तेव्हा जे. सी. कुमारप्पांची आठवण निघते. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम त्यांनी तिथूनच चालवले. वस्तूला पैशाच्या किमतीशिवाय नैतिक मूल्यही असते आणि ती कशी आली याची जबाबदारी विकत घेणाऱ्यावरही येते, असा त्यांचा विचार. हा विचार मी मोबाइलला लावून पाहते. बॅटरी किती जुनी, फोल्डर डेड सेटचा की चोरीच्या मोबाइलचा, हे घेणाऱ्याने विचारायलाच हवे. पण ज्याला ठाऊक आहे तोच गप्प बसला, तर घेणाऱ्याने जबाबदारी पार पाडायची कशी? माझे मौन फक्त माझे पाप राहत नाही. दुसऱ्याला शहाणपणाने वागण्याची वाटच ते बंद करते.

आता सरकारही या दिशेने विचार करू लागले आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून मोबाइलला दुरुस्तीच्या सोपेपणाबद्दल दहापैकी गुण देण्याची पद्धत सुरू झाली. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. अशाच गुणांकनाबद्दल नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये आपला अहवाल दिला. हे व्हायलाच हवे. पण जुना मोबाइल एका घरातून दुसऱ्या घरात जातो तेव्हा मध्ये ना सरकार असते ना कंपनी. दोन माणसे असतात आणि एक बंद झाकण असते. झाकणाच्या आत काय आहे, हे दोघांपैकी एकालाच ठाऊक असते. तिथे कायद्याच्या आधी ईमान लागते.

तर, गप्प राहणे म्हणजे खोटे बोलणे होय का? माझ्यापुरते उत्तर असे, की जे सांगितल्याने समोरचा माणूस जपून वागेल, ते न सांगणे हे खोटे बोलण्याइतकेच वाईट. त्याने विचारले नाही, ही सबब नव्हे. विचारायचे काय, हे तरी त्याला कुठे ठाऊक असते?

ती फुगलेली बॅटरी त्या तरुणाने सोडवली तेव्हा तिच्यावर त्याच्या हातची तारीख तशीच होती, डिसेंबर २०१९ची. त्याने सांगायचे ते मला सांगितले होते, वर लिहूनही ठेवले होते. हल्ली मी कोणाला काही जुने देते, मग तो मोबाइल असो की मिक्सर, तेव्हा एका चिठ्ठीवर काय बदलले, केव्हा बदलले आणि काय जपायचे ते लिहून सोबत देते. ही सवय मला बी.एड.ने लावली नाही. बसस्टँडजवळच्या त्या दुकानाने लावली.