न दिसणे आणि नसणे

जे इंद्रियांना प्रतीत होत नाही ते अस्तित्वातच नाही, असे मानण्याचा मोह मनुष्याला पुरातन काळापासून होत आला आहे. आणि ईश्वरकृष्णाने सांख्यकारिकेत त्या मोहाचा जो निरास केला, त्याचे स्मरण नागपूरजवळच्या हिंगण्याला वेणा नदीच्या काठी मला विशेष तीव्रतेने होते. विद्यमान वस्तूही अतिदूर वा अतिसमीप असल्याने, इंद्रियवैकल्याने, मनाच्या अनवधानाने, स्वतःच्या सूक्ष्मतेने, मध्ये आडपडदा आल्याने, प्रबळ वस्तूने झाकोळल्याने किंवा सजातीयांत मिसळल्याने दिसत नाही, असा त्याने तपशील दिला आहे.

औद्योगिक वसाहतीच्या या तालुक्यात वाहणाऱ्या पाण्यात चांदीचे वा टायटॅनियमचे नॅनोकण आहेत काय, असा प्रश्न कोणी केला, तर यांतली शेवटची चारही कारणे वाट अडवून उभी राहतात. मीटरच्या अब्जांशाला नॅनोमीटर म्हणतात आणि हे कण १ ते १०० नॅनोमीटरचे असतात. ०.४५ मायक्रोमीटर छिद्रांच्या गाळणीतून पार होते ते विरघळलेले, असा प्रयोगशाळांचा शिरस्ता असल्यामुळे हा घन कण दप्तरात विरघळलेल्या धातूच्या सदरी जमा होतो. त्यावर सेंद्रिय द्रव्यांचे पुट चढते, त्याच धातूचा विरघळलेला अंश त्याचा संकेत झाकून टाकतो आणि मातीतून आलेल्या असंख्य नैसर्गिक कणांत कारखान्यात घडलेला कण ओळखू येत नाही.

सूक्ष्माचे ज्ञान त्याच्या कार्यावरून होते, हे कारिकाकाराचे उत्तर आजच्या रसायनशास्त्रालाही मान्य आहे. नमुना पुरेसा विरल करून, हजारो अंश तापलेल्या आर्गॉनच्या प्लाझ्मात तुषाररूपाने सोडला, की एकेक कण क्षणार्धात आयनांचा लोट होऊन यंत्रात नोंदला जातो. लोटाच्या प्रमाणावरून कणाचे आकारमान आणि लोटांच्या संख्येवरून कणांची दाटी अनुमानता येते. तथापि यंत्रालाही हद्द आहे, आणि तिच्या पलीकडचे न दिसल्याने ते नाही असे जसे ठरत नाही, तसे ते आहे असेही ठरत नाही. म्हणून पुराव्यावाचून कोणावर दोषारोप करणे हाही अधर्मच होय.

सूक्ष्मता हा वस्तूचा धर्म आहे, तिच्यावर उपाय शोधता येतो. अनवधान हा मात्र आपला दोष आहे. सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीच्या संशोधनासाठी १९५८ साली स्थापन झालेली, आज नीरी म्हणून ओळखली जाणारी संस्था नागपुरातच असताना अतिदूरत्वाची सबब तरी आपल्याला सांगता येणार नाही. यास्तव पाणी शुद्ध असल्याचा दाखला देणाऱ्याने आपल्या परीक्षेची हद्द त्याच कागदावर नमूद करावी, आणि घेणाऱ्याने ती वाचल्यावाचून दाखला स्वीकारू नये.