पाप लेकराच्या माथी

कडबाकुट्टीत हात गेलेलं पोर ऑपरेशन थिएटरच्या दाराशी आलं की सोबतचं कुणी म्हातारं माणूस म्हणतंच, "गेल्या जन्मी काय पाप केलं होतंस रे बाळा!" मी थिएटरची सिस्टर. त्या वेळी उलट बोलणं बरं दिसत नाही, म्हणून इथं बोलते.

आमच्या घरात माळ आहे, कर्मावर माझाही विश्वास आहे. पण तो हिशोब ज्यानं त्यानं आपल्यापुरता मांडावा. सहा वर्षांच्या पोराची वही उघडायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

पोराच्या बोटातली धमनी जेमतेम एक मिलिमीटरची, कधी त्याहूनही बारीक. तिला जोडायचा नायलॉनचा धागा केसापेक्षा बारीक. हातातून सुटला तर हिरव्या कापडावर शोधताना डोळे दुखतात. मायक्रोस्कोपखाली टाके घालून झाले, धमनीवरची क्लिप काढली, की सगळ्यांची नजर नखावर. पांढरंफटक बोट हळूहळू गुलाबी होतं. बाहेर निरोप गेला की आजी हात जोडते, "देव पावला!" आणि दोन दिवसांनी गुठळी होऊन तेच बोट काळं पडलं, तर पुन्हा गेल्या जन्मीचं पाप. यश देवाचं आणि अपयश लेकराचं, हा कुठला न्याय?

१९६२ साली बोस्टनला रोनाल्ड माल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा वर्षांच्या एका मुलाचा मालगाडीच्या अपघातात तुटलेला हात जोडला. त्याआधी असा हात कायमचाच जायचा. मग काय, १९६२ नंतर जन्मलेल्या मुलांची पापं हलकी झाली?

आजी दुष्ट नसते. विनाकारण झालं, हे सोसत नाही, म्हणून ती कारण शोधते. पण कारण समोरच असतं: यंत्राच्या तोंडाला झाकण नाही, पट्टा उघडा, आणि वैरण सारायला पोरगं बसवलेलं. धोकादायक यंत्रांसाठी १९८३ साली देशात कायदाही झाला. गेल्या जन्मावर ढकललं की या जन्मातली मोठी माणसं मोकळी सुटतात, एवढंच.

तेव्हा आधी झाकण बसवा, पोरांना यंत्रापाशी फिरकू देऊ नका. तरी घडलंच, तर जखम स्वच्छ कापडानं दाबून धरा. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बर्फ थेट लागू देऊ नका. मायक्रोसर्जरी कुठं होते ते फोनवर विचारून तडक तिथंच न्या. हात मनगटाच्या वरून तुटला असेल आणि थंड ठेवला नसेल, तर हाताशी साधारण सहाच तास असतात.