पोट्टीच्या पायात घुंगरू

पुलगावच्या आपल्या वस्तीतली एक पोट्टी अरंगेत्रमची तयारी करतेय. दोन तास एकटीनं भरतनाट्यम. पहाटेच पत्र्याखाली तिचे पाय वाजतात. बैठकीत एकानं विचारलं, 'काहून बे, बाबासाहेबांनी बायांना घुंगरू सोडायला लावले, तेच हिनं बांधायचे?'

प्रश्न खोटा नाही. १६ जून १९३६ ला परळच्या दामोदर हॉलमध्ये मुरळ्या-जोगतिणींना बाबासाहेबांनी तो धंदा सोडाच म्हणून बजावलं. पण सोडायचं काय होतं? शरीराचा बाजार, की ताल?

त्याच्या सहाच महिने आधी, १९३५ च्या अखेरीस, मद्रासला रुक्मिणीदेवी अरुंडेल या ब्राह्मण बाईनं देवदासींचा सदिर थिऑसॉफिस्टांच्या मंचावर नाचला. तो संस्कृती ठरला. १९४७ च्या कायद्यानं मद्रास प्रांतात देवदासी सोडणं बंद झालं, बरंच झालं. पण मंचावर आल्या वरच्या जातीच्या मुली. बालासरस्वती त्याच जुन्या घराण्यातली; शृंगार 'शुद्ध' करायची गरज नाही म्हणून ती भांडली. त्या बाया आपल्या जातीच्या नव्हत्या, कबूल. पण चाल ओळखीची आहे ना?

म्हणून घुंगरांचा सवाल मला लटका वाटतो. खरी अडचण पोट्टीनंच सांगितली. 'दादा, अलारिप्पूत देव नाही, नुसता ताल. पण त्याआधी नटराजाला फुलं वाहायची. बावीस प्रतिज्ञा मला पाठ आहेत.'

गुरूला कसं सांगायचं, ते तिला सुचत नाही. मलाही सुचलं नाही. पुढच्या बैठकीला तिला बोलवलंय. तिच्याशी बोला, तिच्याबद्दल नको.