चाड्यावरची मूठ

७ जूनच्या सुमारास मृग लागतो आणि पावसाचा अंदाज घेत कोरडवाहू रानात तिफण चालू लागते. तिफणीच्या चाड्यावर मूठ धरून बी सोडणाऱ्या बाईची बोटं बघावीत. जरा सैल, जरा घट्ट. दाणा सारखा पडला पाहिजे. सोयाबीन असेल तर ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत थांबायचं, उगवण घरीच तपासायची, हे सगळं आधीच झालेलं असतं. दाणा मातीआड गेला की मात्र हात चालत नाही. उकरून पाहिलं तर कोंबच मोडतो. विठ्ठलावर भार टाकायचा तो इथून पुढे. त्याआधीची मेहनत आपलीच, असं मला मनापासून वाटतं. दुबार पेरणीही कधी नशिबी येते, कर्ज वाढतं, तरी विठ्ठलाचं नाव घेऊन माणसं पुन्हा रानात उतरतात. मुलांचा निकाल, घरातलं आजारपण... जिथे आपल्या हातचं सगळं करून झालंय, अशी एखादी काळजी तुमच्याकडेही असेल. आज ती उकरू नका.