अनाथ बालकाचे रक्षण : दया की ममता?

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींची सशाच्या रक्षणाची लीळा आपल्या पंथात लहान मुलांनाही ठाऊक असते. पारध्यांच्या कुत्र्यांपुढे जिवाच्या आकांताने धावत आलेला ससा स्वामींच्या गुडघ्याखाली शिरतो. पारधी येऊन आपली शिकार मागतात. ती त्यांस मिळत नाही, मिळतो तो हिंसात्यागाचा बोध. नंतर स्वामी गुडघा उचलतात आणि त्या जीवास आदराने निरोप देतात. ह्या लीळेचे निरूपण करणारे बहुधा अहिंसेपाशी थांबतात, आणि ते योग्यच आहे. परंतु शेवटच्या कृतीचा, म्हणजे गुडघा उचलण्याचा, विचार आमच्या मते पुरेसा झालेला नाही. आश्रय देणाऱ्याने आश्रिताला ठेवून घेतले नाही. संकट टळताच तो जीव आपल्या वाटेने गेला.

आता असे समजू की गुडघ्यापाशी आलेला जीव ससा नसून चार वर्षांचे मूल आहे. आईबाप नाहीत, गाव उरलेले नाही, आणि ज्याच्यापाशी ते आले आहे त्याचा त्याच्याशी कसलाही संबंध नाही. सशाला रान असते, मोकळा होताच तो आपले बीळ शोधतो. मुलाला सोडून दिले तर ते जाणार कोठे? मग हा गुडघा किती काळ खाली ठेवायचा? एक दिवस, एक वर्ष, की मूल मोठे होईपर्यंत? आणि इतका काळ तो ठेवला, तर ज्याने असंगाची वाट धरली आहे त्याच्या व्रताचे काय होणार? हा प्रश्न केवळ तर्काचा नाही. ज्यांचे घर रस्त्याकाठी आहे आणि ज्यांचे जीवन अटनात जाते, त्या दोघांवरही तो कधी ना कधी येतो.

ह्या प्रश्नाचे सर्वांत कठोर उत्तर म्हणून भागवताच्या पंचम स्कंधातील भरत राजाची कथा सांगितली जाते. राज्य सोडून पुलहाश्रमी तप करणाऱ्या भरताने नदीकाठी एक गाभण हरिणी पाहिली. सिंहाच्या गर्जनेने भिऊन तिने उडी घेतली, पाडस प्रवाहात पडले आणि ती मेली. भरताने पाडस उचलून आश्रमात आणले. पुढे त्याचे नियम एकेक करून सुटले, चित्त पाडसाभोवती फिरू लागले, आणि अंतकाळी तेच मनात असल्यामुळे त्याला मृगजन्म आला. ही कथा सांगून काही जण म्हणतात, "पाहा, दयासुद्धा बांधते."

परंतु कथा लक्षपूर्वक वाचावी. पाडस उचलले हा भरताचा दोष, असे तेथे कोठेही म्हटलेले नाही. उलट, शरण आलेल्याची उपेक्षा हाच दोष, साधुपुरुष अशा वेळी स्वतःचे मोठे हितही बाजूस ठेवतात, असा विचार भरताच्याच मुखी घातला आहे आणि तो खोडून काढलेला नाही. दोष येतो तो पुढे. पाडस चरू लागले, धावू लागले, आपल्या जातीच्या कळपात जाण्याजोगे झाले. तरी भरत ते दिसेनासे झाले की व्याकूळ होई. म्हणजे पाडसाची गरज संपल्यावर भरताची गरज सुरू झाली होती. एकादश स्कंधात अवधूताने गुरू केलेला कपोत ह्याहून सोपा आहे. तो स्वतःच्या पिल्लांसाठी जाळ्यात पडला. भरताचे उदाहरण अधिक सूक्ष्म, कारण त्याचा आरंभ शुद्ध दयेत आहे.

ह्याला जोडून महाभारतातील कण्वाचे आख्यान ठेवावे. मालिनीच्या तीरी टाकलेले, पक्ष्यांनी राखलेले मूल कण्वांनी उचलले, शकुंतला हे नाव दिले, वाढवले. कण्वही तपस्वीच होते. पिता कोणाला म्हणावे ह्याचे विवेचन त्याच आख्यानात आहे. देह देणारा, प्राण राखणारा आणि अन्न घालणारा असे तिघेही तेथे पिताच मानले आहेत. जन्मदात्याला तेथे एकट्याची मिरास दिलेली नाही, हे ध्यानी घेण्यासारखे आहे. आणि वेळ येताच कण्वांनी तिला तिच्या मुलासह पतीच्या नगरीस पाठवून दिले. (तिच्या मुलाचे नावही भरतच, हे दोन भरत अर्थात निराळे.) कण्वांचे तप बुडाले असे कोणी म्हणत नाही.

समाज जागेवर असताना हा प्रश्न फारसा टोचत नाही. मूल पोरके झाले तर काका असतो, मामा असतो, गावची पंच मंडळी असतात. आपल्या श्रीगोविंदप्रभूंचेच पाहा. काटसुरे येथे बालपणीच मातापित्यांचे छत्र हरपले आणि मामा-मावशींनी त्यांस रिद्धपुरास आणले. आप्त जागेवर होते. पण दुष्काळ, भूकंप, युद्ध ह्यांत ही सगळी उतरंड एकदम कोसळते. मूल कोणाचे, ह्या प्रश्नाला उत्तर देणारा उरत नाही. आणि त्याहूनही भयंकर म्हणजे, मुलाशी कोण कसे वागतो हे पाहणाराही उरत नाही. अशा वेळी ज्याच्या हाती ते मूल पडते, त्याची सत्ता राजाहून अमर्याद असते. म्हणून रक्षकाची खरी परीक्षा मूल उचलताना होत नसते. उचलल्यानंतरच्या काळात, कोणी साक्षी नसता, ती होते.

कन्हानच्या वाचकांना हे निराळे सांगावे लागू नये. नागपूरहून जबलपूरकडे जाणारी सडक आणि छत्तीसगडाकडे जाणारा लोहमार्ग, दोन्ही कन्हान नदी ओलांडून जातात. पलीकडच्या मुलखात आपत्ती आली की तिची पावले ह्या नदीवर उमटतात. १८९६-९७ आणि १८९९-१९०० ह्या दोन दुष्काळांनी तेव्हाचा मध्यप्रांत उद्ध्वस्त केला. अन्नाच्या शोधात निघालेली कुटुंबे वाटेत विखुरली आणि पोरकी मुले रस्त्यांवर उरली. अलीकडे, २०२० च्या टाळेबंदीत, ह्याच जबलपूर मार्गाने श्रमिकांचे तांडे लेकरे कडेवर घेऊन पायी उत्तरेकडे गेले, हे तर आपण डोळ्यांनी पाहिले.

पहिल्या दुष्काळात ह्या मध्यप्रांतात मुली शोधत पुण्याहून एक विधवा स्त्री आली होती, पंडिता रमाबाई. तिच्याविषयी आपल्या समाजात दोन टोकांची मते आहेत. १८७० च्या दशकातील दुष्काळात तिचे पिता अनंतशास्त्री डोंगरे, माता आणि बहीण अन्नावाचून गेली. ती आणि तिचा भाऊ देशभर पायी भटकले. जी स्वतः अशी पोरकी झाली होती, तिने येथून शेकडो मुली नेल्या. पुढे केडगावी त्यांची वसाहत उभी राहिली. रमाबाईंनी १८८३ मध्येच ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता आणि ह्या मुलींपैकी पुष्कळशा त्याच धर्मात गेल्या. त्यावरून तिची निंदा झाली. आमचे मत असे की, जे निंदा करीत होते त्यांनी त्या मुली उचलल्या असत्या तर त्यांच्या बोलण्यास वजन आले असते. भुकेने मरणाऱ्या मुलीच्या दृष्टीने भाकरी देणाऱ्या हाताचा धर्म ही दुय्यम गोष्ट आहे.

तथापि प्रश्न येथे संपत नाही. मूल आपल्यापाशी येते तेव्हा एकटे येत नाही. त्याच्यासोबत त्याचे नाव, बोली, कुळाची आठवण, त्याच्या आईने शिकवलेला देव हेही येते. ही ठेव आहे. ठेव सांभाळणारा तिचा धनी नसतो. आपल्याला जे परम सत्य वाटते ते आश्रिताला द्यावेसे वाटणे स्वाभाविक आहे. आपल्यालाही तसेच वाटेल, हे प्रामाणिकपणे मान्य करावे. परंतु ज्याला दुसरा आसरा नाही त्याची मान्यता ही खरी मान्यता नव्हे. आपल्या पंथात बोध ऐकून, जाणून अनुसरण्याला महत्त्व आहे. भुकेच्या पोटी केलेल्या स्वीकाराला आपण अनुसरण म्हणू काय?

ह्या बाबतीत कोल्हापूरजवळील वळिवडे येथे जे घडले ते अभ्यासण्याजोगे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी पोलंड देश जर्मनी आणि रशिया ह्यांनी वाटून घेतला. पूर्वेकडील लक्षावधी लोकांना १९४० आणि १९४१ मध्ये सैबेरिया व कझाकस्तानात हाकलण्यात आले. तेथे अनेकांचे आईबाप थंडीने, उपासाने आणि रोगाने मेले. सुटका झालेली मुले इराणमार्गे हिंदुस्थानात आली. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी ह्यांनी १९४२ मध्ये बालाचडी येथे शेकडो मुलांना ठेवून घेतले. आणि १९४३ ते १९४८ ह्या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले, त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले. १९४६ मध्ये बालाचडी बंद झाल्यावर तेथील मुलेही वळिवड्यास आली. कोल्हापूरच्या माणसांचा ह्या गोऱ्या, परभाषी मुलांशी काय संबंध? काही नाही. तरी पंचगंगेच्या खोऱ्यात पोलिश भाषेच्या शाळा चालल्या, त्यांचे प्रार्थनामंदिर उभे राहिले, त्यांचे सण झाले. मुले आली तेव्हा पोलिश होती आणि गेली तेव्हाही पोलिशच राहिली.

येथे तुलना सांभाळून करावी. वळिवड्यात त्या मुलांसोबत त्यांचेच शिक्षक आणि धर्मगुरू होते, आणि त्यांच्या पाठीशी लंडनमध्ये त्यांचे परागंदा सरकार होते. मध्यप्रांतातील मुलींच्या पाठीशी कोणीच नव्हते. म्हणून एकाला उदार आणि दुसरीला लोभी ठरवणे अन्यायाचे होईल. एवढे मात्र दिसते की, आश्रिताची ओळख न पुसता आश्रय देणे शक्य आहे, आणि जेथे आश्रिताच्या बाजूने बोलणारा कोणी असतो तेथे ते अधिक सोपे जाते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांतील गावे जमीनदोस्त केली. आदल्या दिवशी गणेशविसर्जन होऊन माणसे दमून झोपली होती. सुमारे दहा हजार माणसे गेली. त्या वेळी शांतिलाल मुथ्था ह्यांच्या पुढाकाराने भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्यास नेली. नेणारे जैन होते आणि मुले बहुतांशी नव्हती. नेण्याचा हेतू शिक्षणाचा होता. त्यांना कोणाच्या पंथात वा घराण्यात सामावून घ्यायचे नव्हते. गुडघा उचलण्याचा हा एक आधुनिक प्रकार म्हणता येईल. मुलाला आपले करून ठेवण्यापेक्षा त्याला स्वतःच्या पायांवर चालता येईल असे करायचे.

आजच्या कायद्याने ह्या सत्तेला बांध घातला आहे. २०१५ च्या बालन्याय अधिनियमाप्रमाणे निराधार मूल सापडल्यास चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीस, पोलिसांस अथवा १०९८ ह्या क्रमांकावर कळवावे लागते. आपल्या मनाने ते घरी ठेवून घेता येत नाही. २०२१ मध्ये महामारीत आईबाप गेलेल्या मुलांना "घेऊन जा" अशी आवाहने फिरू लागली, तेव्हा शासनाला हेच पुन्हा सांगावे लागले. महाराष्ट्राने अशा प्रत्येक मुलाच्या नावे पाच लाखांची मुदत ठेव ठेवली. पैसा सांभाळणाऱ्याच्या हाती न देता मुलाच्या नावे कुलपात ठेवला, ह्यात माणसाच्या स्वभावाची चांगली ओळख आहे. काही सज्जनांना हा कायदा दयेच्या आड येतो असे वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. कोसळलेल्या समाजात जो साक्षी नाहीसा होतो, तोच साक्षी कायदा परत आणतो.

राहिला साधूचा प्रश्न. वासनिकाचे उत्तर तुलनेने सरळ आहे. त्याला घर आहे, अन्न आहे, बायकामुले आहेत, आणि कायद्याच्या रीतीने तो मूल वाढवू शकतो. भिक्षुकाला घर नाही, आणि ते त्याने जाणून सोडले आहे. तेव्हा वाटेत रडणारे मूल दिसले आणि "हा संग होईल" असे म्हणून तो पुढे गेला, तर त्याने असंग राखला काय? आमच्या मते त्याने आपल्या असंगाचीच ममता धरली. अहिंसेचा अर्थ केवळ न मारणे इतकाच घेतला तरच तो निर्दोष ठरेल. आणि इतका आखूड अर्थ घेणारा सशाची लीळा कोणत्या तोंडाने सांगेल?

भिक्षुकाने मूल उचलावे, झोळीतील पहिला घास त्याला द्यावा, आणि पुढच्या गावापर्यंत न्यावे. तेथे ते योग्य हाती सोपवावे. सोपवताना मूल आपले नाव काय सांगते, आईला काय म्हणून हाक मारते, कोणत्या बोलीत रडते, कोणत्या खुणेच्या जागी सापडले, हे सर्व नीट सांगावे, शक्य तर लिहून द्यावे. लहान मूल चार दिवसांत नाव विसरते. सोपवल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहून यावे, म्हणजे घेणाऱ्यालाही कोणी पाहत आहे हे कळेल. आणि तिसऱ्या दिवशी अटनास निघावे. मन मागे वळेल. भरताचेही वळले होते. फरक इतकाच की भरत आश्रमात बसून राहिला, आणि ह्याला पुढच्या गावची वाट धरायची आहे.